व्याहीबुवांची कोरडी बादली

माझ्या लेकीचं, उपासनाचं लग्न ठरवायला आम्ही नागपूरला गेलो होतो. मी हात धुवायला मागच्या अंगणात गेले, तर स्वयंपाकघरातलं भांडण कानावर पडलं.

"एवढ्या लवकर हो म्हणतात, काहून? पोरीत काही खोट असंल." होणारे व्याही, राजाराम, दबक्या आवाजात म्हणत होते.

"माझ्या बापानं तुमच्याबद्दल एवढा विचार केला असता तर मी आज इथं नसते." त्यांच्या बायकोनं, सुजाताबाईंनी भांडं आपटलं. "चहा घेऊन जा आधी. की त्यातही मी काही घातलंय?"

मी मुकाट्यानं येऊन बसले. व्याही चहा घेऊन आले आणि खरं सांगते, आधी माझ्या नवऱ्याला पिऊ दिला, मग स्वतःच्या कपाला तोंड लावलं.

तरी लेक दिली. सासू चांगली होती म्हणून.

पुढे सुजाताबाई गेल्या, आमचे हेही गेले, आणि उरलेले आम्ही दोघं म्हातारे अमेरिकेत बेलव्ह्यूला एकाच घरात येऊन पडलो. लेक आणि जावई प्रफुल्ल दिवसभर कॉम्प्युटरपुढे, नात इशिता शाळेत. मग मी व्याह्यांवर लक्ष ठेवायचे आणि ते माझ्यावर. दिवस बरा जायचा.

व्याही मूळचे भंडाऱ्याकडचे, तळ्याकाठी वाढलेले. शेजारच्या डेलशी त्यांची गट्टी जमली ती माशांवरूनच. डेल म्हातारा, पूर्वी बस चालवायचा. व्याह्यांनी त्याला जयभीम म्हणायला शिकवलं होतं, तो रोज कुंपणावरून ओरडून म्हणायचा. थंडीत डोंगरापलीकडचं धरण गोठलं की शुक्रवारी संध्याकाळी दोघं डेलच्या गाडीतून निघायचे, रात्रभर बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसायचे आणि सकाळी बरबॉट घेऊन यायचे. हा मासा अंधारातच हिंडतो, तोही पार तळाशी. डोकं बेडकाचं, शेपूट वामीचं, हनुवटीला एकच मिशी. पहिल्यांदा आणला तेव्हा मी माझ्या कढईला हात लावू दिला नव्हता. मग एकदा रस्सा केला आणि भाकऱ्या कमी पडल्या.

गेल्याच्या आदल्या हिवाळ्यात मात्र व्याही रिकामे परत यायला लागले. डेलची बादली भरलेली, यांची कोरडी ठणठणीत. दाढी करायची तर दार लावून. पत्ते खेळायला बोलावलं तर म्हणे डोकं दुखतं. माझ्या मनात पाल चुकचुकली. रात्रभर हा माणूस बर्फावरच असतो ना? की या वयात आणखी कुठे, आँ?

त्यात एक दिवस तेच माझ्यापाशी येऊन कुजबुजले, "विहीणबाई, माझे शर्ट कमी होऊन राहिले. तुमची लेक गुपचूप माझी बॅग भरते. मला नागपूरला धाडणार हे लोक."

"कशावरून?"

"प्रफुल्ल फोनवर म्हणत होता, बाबांचं काहीतरी बघावं लागेल."

मी हसण्यावारी नेलं, पण त्यांचा चेहरा पाहून हसू राहिलं नाही. नागपूरला होतं काय? सुजाताबाईंच्या मागे बंद पडलेला फ्लॅट. या वयात तिथं एकट्यानं राहायचं म्हणजे भिंतींशी बोलायचं.

त्या शुक्रवारी मी म्हटलं, मीही येते. उपासना ओरडली, डेल खूश झाला. व्याही म्हणाले, "तुम्हाला कोणी पाठवलं?"

"मीच मला पाठवलं."

धरणावर पोचलो. बर्फावर लोखंडी पहार आपटून बघितल्याशिवाय व्याही पाऊल टाकेनात आणि मलाही टाकू देईनात. डेलनं यंत्रानं भोकं पाडली, गळांना आमिष लावून दिलं आणि तो लांबच्या त्याच्या तंबूत गेला. आमच्या तंबूत एक शेगडी, दोन भोकं, दोन आखूड काठ्या. काठीला घंटी. मासा लागला की ती वाजते.

बऱ्याच वेळानं वाजली.

"वाजली हो."

"वारा असंल."

तंबूत कुठला वारा? पुन्हा वाजली, काठी वाकली. व्याही हात काखेत घालून बसलेले.

"अहो, मासा चाललाय!"

"जाऊ द्या. त्याचंही घर असंल."

मग मीच उठले. जमेल तशी दोरी ओढली. मासा वर आला आणि त्यानं शेपटीचा विळखा माझ्या मनगटाला घातला. मी किंचाळले, "गळ काढा आधी!"

व्याह्यांनी हात पुढे केला. तो लटलट कापत होता. माशाच्या तोंडापर्यंत पोचला आणि नुसताच इकडेतिकडे होत राहिला.

मीच गळ काढला. मासा बादलीत टाकला आणि विचारलं,

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून."

"डेलला तरी सांगायचं."

"त्याची बायको उपासनाशी बोलते. आता तुम्हीही सांगाल. दुखणं निघालं की त्यांना कारणच भेटलं मला धाडायला."

"मला चुगलखोर समजता?"

"हो."

निदान खोटं तरी बोलले नाहीत.

सकाळी घरी आलो. मी तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. बूट न काढताच व्याही स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. "सूनबाई, माझे शर्ट कुठं आहेत?"

उपासनानं गॅस बारीक केला. "बटणवाले वर ठेवलेत, बाबा. तुम्हाला बटणं लावता येत नाहीत आता. म्हणून चेनवाले आणले ना मी. तुमचं तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते."

"आन् प्रफुल्ल फोनवर?"

"डॉक्टरची अपॉइंटमेंट मिळत नव्हती," प्रफुल्ल जिन्यावरून म्हणाला. "मिळाली. मंगळवारी ड्राइव्ह करून नेतो तुम्हाला."

"आन् तिकीट?"

"कसलं तिकीट?"

"परतीचं."

इशिता दुधातलं सीरियल खात होती. ती म्हणाली, "आजोबा, मग मला बस स्टॉपवरून कोण पिकअप करणार? डोन्ट बी वियर्ड."

व्याही खुर्चीत बसले. उपासनानं त्यांचे बूट ओढून काढले, तेव्हा ते माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं ना हिला?"

डॉक्टरच्या गोळ्यांनी थोडा फरक पडला. पुढचा हिवाळाभर आम्ही दोघं जात होतो. दोरी ते ओढायचे, गळ मी काढायचे आणि माझ्या वाट्याला मोठा मासा आला तर तो डेलनंच लावून ठेवला होता असं ते सांगायचे.

गेल्या मार्चमध्ये व्याही दुपारच्या झोपेतच गेले. शनिवार होता. त्या सकाळी नेहमीसारखा रश्श्याचा डबा डेलकडे न्यायचा होता. हात कापतात म्हणून मी कापडी पिशवीत घालून दिला, त्यांनी पिशवी खांद्याला अडकवली. डेलच्या बायकोनं दार उघडून थँक यू म्हटलं. व्याही हलेनात.

"ओपन. सी. देन आय गो."

मागाहून तिनं तुकडे कमी होते म्हणायला नको, हा त्यांचा हिशोब. तिनं झाकण उघडलं, आत बघितलं, मान हलवली. मग व्याही घरी आले.