कुंपणालगतचा चर

न्हाणीचं पाणी मुरून आमच्या अंगणातली हिरवळ कुजत होती, म्हणून ऐन थंडीत चर खणायला कोडोलीकडचा एक गडी आला. दर चार हातांवर थांबून तो माती मुठीत दाबून बघायचा. कुंपणाच्या भिंतीला खुर्ची टेकवून आई ऊन खात बसली होती.

अचानक त्यानं खोरं टाकलं आणि आईला खुर्चीसकट उचलून ओट्यावर आणलं. मी त्याला काही बोलणार, तोच भिंत आडवी झाली.

"तुम्हाला कसं कळलं?" मी कसंबसं विचारलं.

"भिंतीच्या बुडातनं पाणी आलं, पावणं. माझी बायकू अशाच भिंतीखाली गेली की."

मी त्याला तांब्या दिला. पाणी पिऊन तो पुन्हा चरात उतरला आणि माती मुठीत दाबून बघू लागला.