महेशने मान डोलावली

डॉक्टरांचे किस्से जमवावे लागत नाहीत. आपण नुसतं अपंग असायचं, ते आपोआप साचतात!

दिवेआगरात आमचं चौघांचं टोळकं आहे. सुपारीवाले सलीमभाई आंधळे, नंदा व्हीलचेअरवर, तिचा नवरा महेश ठार बहिरा आणि मी पोलिओवाली, कुबडीसकट. एकत्र मोजलं तर चालते पाय पाच, डोळे सहा, कान सहा. गप्पांना तेवढे पुरतात.

*

मला खोकला झाला. डॉक्टरांनी पाय तपासला.

"पोलिओ कधी झाला?"

"दोन वर्षांची असताना. पण डॉक्टर, खोकला..."

"अरेरे! तेव्हाच दाखवायला हवं होतं."

चिठ्ठीवर कॅल्शियमच्या गोळ्या निघाल्या. खोकला आपोआप गेला, बहुतेक कंटाळून.

*

सलीमभाई सर्टिफिकेट रिन्यू करायला गेले. जन्मापासून आंधळा माणूस, तरी तपासणी आलीच. डॉक्टरांनी हात पुढे करून विचारलं, "ही किती बोटं?"

"अल्लानं दिली असतील तेवढी, साहेब!"

डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, 'पेशंट सहकार्य करत नाही.'

*

हाडांच्या एका डॉक्टरांचा दवाखाना दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. नंदाने खालून फोन लावला. रिसेप्शनवरची बाई म्हणाली, "तुम्ही वर या, मग डॉक्टर बघतील चालता येतं का."

नंदा म्हणाली, "बाई, वर चढून आले तर बघायचं काय ऱ्हायलं?"

*

लग्नानंतर सात वर्षांनी नंदाला दिवस राहिले. "अशा परिस्थितीत मूल कशाला?" असं तीन डॉक्टरांनी विचारून झालं होतं. चौथ्याकडे जाताना तिने मला सोबत घेतलं. "तू फक्त बस. तोंड उघडू नको."

हे डॉक्टर मास्क लावून बसलेले. खुर्चीतल्या नंदाच्या डोक्यावरून ते थेट मागे उभ्या महेशशी बोलायला लागले. महेश ओठ बघून बोलणं ओळखतो. मास्कपुढे त्याचं काय चालणार! पण मान हलवली नाही की डॉक्टर ओरडतात, हे त्याला अनुभवाने माहीत. म्हणून तो दवाखान्यात सगळ्यालाच हो म्हणतो.

"सिझेरियन करावं लागेल."

महेशने मान डोलावली.

"तुम्ही फार समजूतदार आहात हो."

महेशने परत डोलावली. मी हसू दाबायला स्वतःलाच चिमटे काढत होते.

मग डॉक्टरांनी एक फॉर्म पुढे सरकवला. "त्याच वेळी मूल बंद करायचं ऑपरेशनही उरकून टाकू. परत ही भानगड नको."

महेशने हसून मान डोलावली आणि सहीसाठी पेन घेतलं.

माझं हसू पळालं. खरंच घाबरले मी. नंदाने मागे वळून त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं.

"डॉक्टर, ह्यांना ऐकू येत न्हाय. मास्कामुळं तुमचे ओठपण दिसत न्हाईत. पोट माझं हाय. ऑपरेशन करायचं न्हाय, मला दुसरं मूलपण पायजे."

डॉक्टर गडबडले. "अहो, मग हे आधी नाही का सांगायचं?"

"आधी तुम्ही माझ्याशी बोललात कुठं?"

डॉक्टरांनी मास्क खाली ओढला. नंदाकडे बघितलं, महेशकडे बघितलं. मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "यांना नक्की काय म्हणायचंय?"