सड्यावरची कारवी

दशरथ मुंबईजवळ मीरा रोडला, बेव्हर्ली पार्कच्या एका सोसायटीत अकरा वर्षं माळी होता. गाव पोलादपूरकडचं, डोंगरातलं. गावामागच्या कातळी सड्यावर, उघड्या खडकाळ पठारावर, टोपली कारवी वाढते. उपड्या टोपलीसारखं, गुडघ्याएवढं झुडूप, सात वर्षांतून एकदा जांभळ्या फुलांनी भरतं. त्याचा फोटो दशरथच्या मोबाइलवर होता. सेक्रेटरी कौस्तुभ यांनी तो पाहिला आणि बागेच्या स्पर्धेसाठी वीस झुडपं आणायला सांगितली.

"साहेब, ते कातळातलं झाड आहे. इथल्या मातीत नाही जगणार."

"स्पर्धेपर्यंत जगलं तरी चालेल. नसेल जमत तर सांग, दुसरा माळी बघतो."

दशरथ टेम्पोवाल्या बंटीला घेऊन गावी गेला. यंदा फुलायचं वर्ष. कळ्या धरल्या होत्या. धाकटी बहीण हंसा सड्यावर आली आणि त्याच्या हातातल्या पहारीकडे बघत राहिली.

"दादा, यंदा याच्या मधावर आपलं घर चालायचंय. सांगितलंस का तुझ्या साहेबांना?"

"त्यांना काय करायचंय?"

"आणि तुला?"

दशरथ खणत राहिला. मुळं भेगांत रुतलेली, ओढली की तुटायची. वीस धड मिळवायला त्याने एक्केचाळीस झुडपं उपटली.

सोसायटीला दुसरं बक्षीस मिळालं. तीन आठवड्यांत झुडपं वाळून गेली. मीटिंगमध्ये कौस्तुभ म्हणाले, "माळ्याचं लक्ष नव्हतं." दशरथ दारापाशीच उभा होता. तो वाळलेली झुडपं उपटायला गेला. पहिल्या तारखेपासून त्याला काढलं.

मग त्याला मीरा रोडच्याच एका नर्सरीत काम मिळालं. दिवाळीनंतर एका सकाळी बंटीचा टेम्पो तिथे येऊन थांबला. मागे गोणपाटात बांधलेली शंभरेक टोपली कारवी, नर्सरीच्या मालकाने विकायला मागवलेली. फुलं सरून बोंडं धरलेली. ते बी सड्यावर पडायचं होतं, त्यातून पुढची झुडपं उगवायची होती.

"रस्ता माहीत होताच," बंटी हसत म्हणाला. "गावात तुमचं नाव सांगितलं, दशरथभाऊ. कोणी रोखलं नाही."

दशरथने हंसाला फोन लावला. सड्यावर काही उरलंय का, त्याने विचारलं.

"थोडी राहिलीत," ती म्हणाली. "कुठे, ते तुला सांगायची नाय."

फोन कट झाला. मालकाने हाक मारली, तसा तो टेम्पो खाली करायला गेला. गोणपाटाच्या गाठी सोडून त्याने एकेक झुडूप कुंडीत लावलं, दुपारपर्यंत सगळ्यांना पाणी घातलं. एकही जगणार नव्हतं, हे तिथे फक्त त्यालाच माहीत होतं.