स्वतःजवळ ठेवलेला फोटो

त्यांना सगळे कवळीकाका म्हणत. निम्म्या गावाचं हसू त्यांनी आपल्या वरच्या खोलीत मेणात कोरलं होतं, पण कुणाचं ते कधी सांगितलं नाही. बाजारात एखादं गिऱ्हाईक तोंड भरून हसलं तर हे मान खाली घालून पुढे सटकायचे. ओळख दाखवली की बघणाऱ्याला दातांचं गुपित कळलंच म्हणून समजा.

फोनशी मात्र त्यांचं कधी जुळलं नाही. "माझी कानस जिथे ठेवली तिथे सापडते," ते बायकोला म्हणायचे, "आणि हा मेला येता-जाता घर बदलतो." परवा तर फोन आपला आपणच अपडेट होऊन नवा झाला. कुणी परक्यानं स्वयंपाकघरात शिरून डबे इकडचे तिकडे करून जावं, तसं झालं होतं.

एका कामाला मात्र फोन लागायचाच. गिऱ्हाइकाचा कवळीशिवायचा चेहरा टिपायचा आणि स्वतःलाच पाठवून ठेवायचा. ओठ किती आत गेलेत, हनुवटी नाकाकडे किती सरकलीय, हे फोटो मोठा करून बघत ते दातांची उंची ठरवायचे. कवळी बसली की फोटो पुसून टाकायचे.

त्या दिवशी सकाळी बाई येऊन गेल्या होत्या. बाई म्हणजे मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. चष्म्यावरून नुसतं पाहिलं तरी वर्ग चिडीचूप. जुनी कवळी काढताना त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं होतं. "हे आमच्या ह्यांनीसुद्धा कधी पाहिलेलं नाही," त्या म्हणाल्या होत्या. "एवढी वर्षं कवळी उजेडात काढलेलीच नाही."

दुपारी जेवून उठतात तोच मेव्हण्याचा फोन आला.

"दाजी, हे काय लावलंय? आमची पोरं दचकली की."

"कुठे काय लावलंय?"

"स्टेटसला. ती बोळकं उघडून बसलेली म्हातारी. जाहिरात म्हणून डोकं चांगलं लढवलंत, पण आधीचा आणि नंतरचा असे दोन टाकायचे असतात. तुम्ही नुसता आधीचाच टाकलाय."

काकांनी फोन कानाचा काढून डोळ्यांपुढे धरला. वर एका गोलात त्यांचा स्वतःचा चेहरा होता, भोवती हिरवं कडं. सकाळी त्यांनी त्याच चेहऱ्यावर बोट ठेवलं होतं. आपल्या चेहऱ्याकडे पाठवलेला फोटो आपल्याजवळच राहणार, असं कुणालाही वाटलं असतं. त्यांनी पुन्हा बोट टेकवलं, आणि बाईंचा चेहरा काचभर पसरला.

"अहो, मग काढा की," बायको म्हणाली.

"कुठे दाबू? चुकीचं दाबलं आणि आणखी लांब गेला तर?"

"आणखी लांब म्हणजे कुठे, चंद्रावर? द्या इकडे. नको, राहू दे. व्याही आजारी पडल्याच्या निरोपावर मी हसरा चेहरा दाबला होता, ते अजून निस्तरते आहे. लेकीला लावा फोन."

लेकीनं कामातून वेळ काढून सांगितलं, "बाबा, घाबरू नका. फोटोखाली डोळ्याचं चित्र आहे ना, ते दाबा. मग बाजूचे तीन ठिपके."

डोळा दाबल्यावर, ज्यांनी ज्यांनी पाहिला त्यांची नावं सरसर वर आली. काका फोनमध्ये गिऱ्हाइकांची नावं दातांवरून ठेवत. वरची कवळी पोस्टमन. पुढचे दोन दात बेकरी. पूर्ण कवळी बाई. त्याखाली पूर्ण कवळी बाईंचे मिस्टर.

"काढलात का, बाबा?"

फोन विचारत होता, नक्की काढायचा ना? काकांनी बोट असं दाबलं की नख पांढरं पडलं. फोटो गेला. पाहिलेल्या डोळ्यांतून तो कसा काढायचा, ते लेकीलाही येत नव्हतं.

बाई नव्या कवळीचा मेणातला नमुना लावून बघायला चार वाजता येणार होत्या. तोवर त्यांचा फोन नाही, निरोप नाही. शिव्या देणारं माणूस परवडतं, काकांना वाटलं. गप्प बसणाऱ्याच्या मनात काय शिजतंय ते कसं कळायचं? त्यांनी तेच साचे तीनतीनदा पुसले.

खाली स्कूटर थांबली. बाई जिना चढून आल्या, नेहमीसारख्या ताठ. दार लोटून खुर्चीत बसल्या.

"फोटो पाहिला मी," त्या म्हणाल्या. "पाठवलात ते बरं केलंत. दातांची उंची जरा वाढवायला हवी, असं वाटतं मला." मग चष्मा सारखा करत म्हणाल्या, "माझ्याशिवाय कुणाला गेला नाही ना?"

नाही म्हणायला काकांची जीभ उचललीसुद्धा. पण बेकरीत उद्या त्यांना कुणीतरी सांगणारच होतं.

"गेला, बाई. स्वतःला पाठवायला गेलो आणि भलतीकडे बोट लागलं. बऱ्याच जणांना दिसला. आता काढलाय."

बाईंनी पर्सची चेन उघडली, लावली. किती जणांना, असं त्यांनी विचारलं नाही. कोण कोण, तेही नाही.

"ह्यांना?"

"दिसला. दुपारी."

"आत्ता त्यांनीच सोडलं मला," बाई सावकाश म्हणाल्या. "रस्ताभर एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, हेल्मेटमुळे."

त्यांनी पर्स बाजूला ठेवली. मग भिंतीकडे वळल्या आणि जुनी कवळी काढून वाटीत ठेवली. काकांनी नवी उचलली. एवढ्यात जिन्यावर पावलं वाजली, जड, एकेका पायरीवर थांबत येणारी.

"झालं का गं?" दारापलीकडून आवाज आला.

बाईंचा तळवा झटक्यात तोंडावर गेला. शंभर पोरींना गप्प करणारे ते डोळे वर्गातल्या सगळ्यात भित्र्या मुलीचे झाले होते. दार नुसतं लोटलेलं होतं. काका तीन ढांगांत तिथे पोचले आणि त्यांनी कडी घातली.

"वेळ लागेल अजून, साहेब," ते म्हणाले.

पावलं खाली गेली नाहीत.

काका परत आले. "बाई, तोंड उघडा," ते जवळजवळ कुजबुजले. दाराबाहेरचा श्वास दोघांनाही ऐकू येत होता. बऱ्याच वेळानं बाईंचा तळवा खाली आला. काकांनी कवळी दोन्ही हातांनी धरली. मग दाराकडे पाठ करून, बाईंना आडोसा देत, ती बसवली.