भाग्यश्रीच्या वहीतलं अक्षर

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, बहिणीला नाही, आणि जिला सांगायला हवं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. की हेही एक निमित्तच? असेल.

आधी चांगलं सांगते. चांगलं सांगायला कुणाला आवडत नाही? सोलापुरातल्या आमच्या कॉलेजात आज परीक्षेच्या दिवसांत तळमजल्यावर एक वेगळी खोली उघडते. दारापर्यंत चाकाची खुर्ची जाते. ज्यांना बारीक दिसत नाही त्यांना मोठ्या अक्षरातली प्रश्नपत्रिका मिळते, ज्यांना लिहिता येत नाही त्यांना लेखनिक, आणि तासाला वीस मिनिटं जादा. कुणाला हात जोडावे लागत नाहीत. मी शिकत होते तेव्हा यातलं काहीच नव्हतं. ते कोमलनं मिळवलं, असं सगळे म्हणतात. कोमल म्हणजे मी. आणि ते खरं आहे — मिळवलं मीच.

पण त्याच्या आधी एक वर्ष आहे.

मी जेऊरची. घरी शेती. बारावीत असताना माझ्या नजरेचा मधलाच भाग पुसट व्हायला लागला. समोरच्या माणसाचे कान दिसायचे, खांदे दिसायचे, चेहरा तेवढा दिसायचा नाही. डॉक्टर म्हणाले, पडद्याचा आजार आहे, चष्म्यानं जाणार नाही. आई बाहेर येऊन म्हणाली, "हे कुटं बोलायचं न्हाय. उद्या तुझ्या लग्नाचं बघायचं हाय." ती हे एकदाच म्हणाली. पुढची तीन वर्षं लपवलं ते मी, आपणहून — आणि लई हुशारीनं लपवलं. माणसं चालीवरून ओळखायची, एसटीची पाटी घाईत असल्यासारखी दुसऱ्याला विचारायची. कुणाला कधी संशय आला नाही.

भाग्यश्रीला आला. आठ दिवसांत.

बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला ती माझ्या शेजारी, पहिल्या बाकावर. जन्मापासून तिचे हातपाय ताठ. वॉकर घेऊन चालायची, पेन धरलं की बोटं आखडायची, एक ओळ लिहायला दोन-दोन मिनिटं. डोकं मात्र असं की सर हिशेब फळ्यावर मांडायच्या आत हिचं उत्तर तयार. घरात तेलुगू बोलायचे, आई विड्या वळायची, आणि ही पोरगी तीन भाषांत चेष्टा करायची. मी फळ्यावरचं चुकीचं उतरवतेय हे तिनं पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून फळा हळू आवाजात वाचायला लागली — आणि मी लिहायला लागले. एकच वही. वर नाव तिचं, आत अक्षर माझं, मोठं, ठळक, गोलसर. मी खोलीवर गेल्यावर त्याच पानांचे फोटो मोबाईलवर मोठे करून वाचायची. दोघींचं मस्त चाललं होतं.

एकदाच म्हणाली, "कोमल, तू पण अपंगत्वाचं कार्ड काढ की."

"मला काय झालंय?" मी म्हणाले. तिनं तो विषय पुन्हा काढला नाही.

पहिलं वर्ष तिनं तळमजल्यावर बसून, अर्धवट पेपरांवर कसंबसं काढलं होतं. दुसऱ्या वर्षी परीक्षेचे नंबर दुसऱ्या मजल्यावर लागणार, असं कळलं. भाग्यश्रीनं अर्ज केला — तळमजल्यावर बसू द्या, लेखनिक द्या, जादा वेळ द्या. सोबत अपंगत्वाचं सरकारी कार्ड. परीक्षा विभाग वरच्या मजल्यावर, म्हणून अर्ज घेऊन मी गेले. ती खाली पायरीपाशी थांबली. तिची पिशवीच घेऊन गेले मी, कार्ड तिच्यात होतं. कार्ड काढताना वही पण बाहेर आली.

तिथल्या सरांनी वही उघडली. चार पानं उलटली.

"ही वही तिचीच ना?"

"हो सर."

"अक्षर पण तिचंच?"

आता इथं थांबते जरा. कारण मला तो क्षण लहान वाटला होता, आणि तो लहान नव्हता. खरं सांगितलं असतं, की ती फळा वाचून सांगते आणि अक्षर माझं आहे, तर सरांनी विचारलं असतं की ती तुला का सांगते, तू स्वतः फळा बघून का लिहीत नाहीस? मग माझं बिंग फुटलं असतं. दुसरं काय झालं असतं? काहीच नाही. पृथ्वी थोडीच बुडणार होती?

"हो सर," मी म्हणाले. "तिचंच आहे."

आणि तेवढ्यावर थांबले नाही. "वर्गात सगळं लिहिते की," हेही म्हणाले. ते कुणी विचारलंही नव्हतं.

सर म्हणाले, "एवढं सुंदर लिहिते, मग लेखनिक कशाला पाहिजे?" अर्जावर शेरा पडला — विद्यार्थिनीस लिहिता येते, अर्ज नामंजूर. एका शेऱ्यात लेखनिक गेला, जादा वेळ गेला, तळमजलाही गेला. मी खाली आले. तिनं विचारलं, काय म्हणाले? मी म्हणाले, नाही म्हणाले. कार्ड बघूनसुद्धा? हो, कार्ड बघूनसुद्धा. तिनं सरांना तेलुगूत एक शिवी हासडली आणि मला हसवलं. मी हसलेसुद्धा.

परीक्षेत तिचा भाऊ तिला उचलून दुसऱ्या मजल्यावर आणायचा. एकही पेपर निम्म्याच्या वर गेला नाही. सगळी उत्तरं येत होती तिला. चार विषय राहिले, वर्ष गेलं. मी तिसऱ्या वर्षाला गेले, ती घरी बसली.

मग मला जाग आली, ती तिच्यासाठी आली असं सांगायला मला आवडलं असतं. तसं नाही. नजर आणखी उतरली, प्रश्नपत्रिकेतले आकडे मला तीनाचे आठ दिसायला लागले, आणि पाचव्या सेमिस्टरला माझेच दोन विषय गेले. तेव्हा जाग आली. जेऊरला गेले, आईला म्हणाले, मला कार्ड काढायचंय. तिनं थापलेली भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "काढ की मग. शिक्षणापरीस लगीन मोठं हाय व्हय?" सिव्हिल हॉस्पिटलला वडील तीन वेळा माझ्याबरोबर आले, डबा घेऊन, रांगेत उभे राहिले. लपवायचं काही उरलं नाही तसा मला भलताच जोर चढला. सरकारचा नियम मोबाईलवर मोठा करून पाठ केला. सगळ्या वर्गांत हिंडले आणि माझ्यासारखे, भाग्यश्रीसारखे, ऐकू न येणारे, असे आम्हा दोघींना धरून सात जण गोळा केले. सातही अर्ज घेऊन तोच परीक्षा विभाग गाठला.

"तू? तू तर आत्ता पळत जिना चढून आलीस," सर म्हणाले.

"पायाचा अर्ज नाही सर, डोळ्याचा आहे," मी म्हणाले, आणि तिथून थेट प्राचार्य मॅडमच्या केबिनमध्ये गेले. अख्खा नियम घडाघडा म्हणून दाखवला, एक शब्दसुद्धा चुकला नाही. मॅडमनी शांतपणे ऐकलं. मागच्या वर्षीची फाईल घेऊन सरांना बोलावलं. भाग्यश्रीचा जुना अर्ज निघाला, त्यावरचा शेरा निघाला.

"कार्ड जोडलेलं असताना हे कुणी ठरवलं?" मॅडमनी सरांना विचारलं.

तो अर्ज मीच आणला होता, हे सरांना आठवलं नाही. शंभर पोरं येतात रोज, कशी आठवतील? ते खाली मान घालून बोलणी खात उभे राहिले. कार्ड समोर असताना त्यांनी वही चाळायलाच नको होती, हे खरं. पण त्या शेऱ्यातलं वाक्य माझं होतं. मी त्यांच्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभी होते. गप्प राहिले.

आणि मग आम्ही जिंकलो. हो, जिंकलोच! खोली मिळाली, उतार बांधला, मोठ्या अक्षरातली प्रश्नपत्रिका आली. पहिल्या दिवशी मी ती हातात घेतली आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत स्वतः वाचली. कितीतरी दिवसांनी मला एखादं पान अख्खं मिळालं होतं. पलीकडे भाग्यश्री राहिलेले विषय द्यायला बसली होती, लेखनिक म्हणून आलेल्या अकरावीतल्या एका मुलीला उत्तरं सांगत — न अडखळता, तिच्या नेहमीच्या वेगात. त्या बिचारीचाच हात दुखायला लागला. वेळ संपायच्या आधी भाग्यश्रीचा पेपर पूर्ण झाला. कॉलेजात आल्यापासून पहिल्यांदा. ती मान मागे टाकून मोठ्यानं हसली, पर्यवेक्षकांनी 'शांत बसा' म्हटलं, आणि मग तेही हसले. आम्ही सातही जण पास झालो. भाग्यश्री तर चारही विषयांत पहिली आली.

आज ती चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्याचे हिशेब बघते. गेल्या वर्षी कॉलेजनं आम्हा दोघींचा सत्कार केला. तिनं माईक हातात घेतला आणि म्हणाली, "हिच्यामुळं मी पास झाले. माझ्यासाठी सगळ्यात आधी हीच भांडली." सभागृह उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. तिची आई पुढच्या रांगेतून उठून आली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून तेलुगूत काहीतरी म्हणाली. भाग्यश्रीनं अर्थ सांगितला — देवानं तुला आमच्यासाठी पाठवलं.

मी त्या बाईंच्या पाया पडले. फोटो काढून घेतले. जेवले. तो दिवस माझ्या आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा होता, आणि तो आनंद मी पुरेपूर घेतला, हेही कबूल करते.

भाग्यश्रीचं एक वर्ष सरांनी घालवलं नाही. ते मी घालवलं.