मेंढरं विकून घुंगरू ठेवलं

माझ्या थोरल्या भावानं, तात्यानं, मला फसवलं. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे मारुतीनं आठवणी सांगता सांगता भावाची चुगली केली असं कुणी म्हणायला नको. चुगली नाही, उघड तक्रार आहे. माणदेशातून मुंबईला गेलेले आणि माणदेशातच राहिलेले, दोघंही हे वाचतील. निवाडा दोघांनी मिळून करावा.

मी घर सोडलं त्या सकाळी वडील मेंढरं घेऊन फाट्यापर्यंत आले होते. दहिवडीहून येणारी एसटी तिथं थांबायची. मेंढरांनी सगळा रस्ता अडवला, ड्रायव्हर भोंगा वाजवत राहिला, आणि वडिलांनी काही घाई केली नाही. त्यांनी कळपातली एक काळी मेंढी काठीच्या आकड्यानं मागच्या पायाला धरून ओढली, तिचा उजवा कान उलटा करून मला दाखवला आणि म्हणाले, "तुझी हितं चरतीया. कवा बी ये." पाठीवर हात फिरवणं, डोळे पुसणं असलं काही झालं नाही. मेंढी सोडली, मेंढरं रस्त्याच्या कडेला घेतली, गाडी हलली.

ज्यांना आमच्या धनगरांची रीत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या घरात मुलगा जन्माला आला की बारशाला एक कोकरू त्याच्या नावानं सोडायचे. त्या कोकराच्या पोटची मादी पिलं, त्यांच्या पोटची पिलं, असा तो वेल त्या मुलाचा. त्या वेलाच्या मेंढ्यांच्या उजव्या कानाला खालून एक चीर, ही माझी खूण. तात्याची चीर डाव्या कानाला. मुलगा परगावी गेला तरी त्याचा वेल मोडायचा नाही. नर विकावेत, घरखर्चाला वापरावेत, मागं राहील त्यानं दूध खावं, लोकर घ्यावी. पण मादी विकायची नाही. ती चरत असते तोवर गेलेल्या माणसाची जागा घरात आहे असं धरायचं. सातबारावर नाव असतं ते वेगळं. हे नाव कळपात असतं.

वाशीच्या बाजारात मी आधी पाठीवर कांद्याची पोती वाहिली. मग एका व्यापाऱ्याच्या गाळ्यावर उभा राहिलो, मग स्वतःचा गाळा घेतला. मला कुणी हात दिला नाही आणि मी कुणाच्या पाया पडलो नाही. सौद्यात माझ्याशी बोलताना माणसं जपून बोलायची. मी चिडायचो, आवाज चढवायचो, आणि समोरचा गोंधळला की भाव पाडायचो. चिरून बघितल्याशिवाय मी बटाटा घेतला नाही आणि खालचं पोतं उपसल्याशिवाय कांदा. सगळ्या बाजारात एकच माणूस होता ज्याचा शब्द मी न तपासता घेतला, आणि तो बाजारात नव्हताच. तो गावाकडं होता.

दर रविवारी मी तात्याला फोन करायचो. वडील गेल्यावर तर न चुकता. बोलायला आम्हा भावांकडं फारसं काही नसायचं. मी विचारायचो, "माझी कशी हायत?" तो सांगायचा, बांडी व्याली, काळी लंगडतीया, पाऊस न्हाई, पाला तोडून घालतोय. मागं घुंगरू वाजत असायचं. माझ्या वेलातल्या म्होरक्या मेंढीच्या गळ्यात वडिलांनी एक मोठं पितळी घुंगरू बांधलं होतं. ते वाजलं की मी गाळ्यावर मोकळा कान दाबून उभा राहायचो, टेम्पोवाले शिव्या देत असले तरी. कधी कधी तात्या बोलायचाच नाही, नुसतं घुंगरू ऐकू यायचं, आणि तेवढ्यावर माझा आठवडा निघायचा.

गाव परत का गाठलं, हे मुंबईची मंडळी अजून विचारतात. मधुमेह झाला का, धंदा बुडाला का, पोरानं घराबाहेर काढलं का? यातलं काही नाही. पोरगा गाळा माझ्यापेक्षा बरा चालवतो. झालं एवढंच, की आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीला कबुतरं येऊ नयेत म्हणून सोसायटीनं जाळी बसवली. सकाळी चहा घेऊन मी जाळीपाशी उभा राहिलो आणि मला आमची वाघर आठवली. मेंढरं रात्री कोंडायला खुंट्यांवर जी दोरीची जाळी लावतात ती. अगदी तसल्याच चौकटी. फरक एवढाच की आता मी आतल्या अंगाला होतो. सुमनला, म्हणजे बायकोला, हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग बें बें करा, म्हणजे शेजारी दार तरी उघडतील." बारा वर्षं शेजारी होते ते, आणि आम्हाला त्यांची नावं माहीत नव्हती.

दिवाळीनंतर आम्ही गावी आलो. आमच्या वाटणीच्या माळावर मी दगडाच्या भिंती आणि वर पत्रा अशी एक खोली बांधली. तात्याचं घर बांधाच्या पलीकडं, हाकेच्या अंतरावर. मेंढरं दिसली नाहीत. तात्या म्हणाला, पाव्हण्याबरोबर मिरजेकडं चरायला गेलीत, यंदा आपले गुडघे धरलेत. यात खोटं वाटावं असं काही नव्हतं. दिवाळी झाली की आमचे कळप कृष्णाकाठी उतरतात, ऊस तुटलेल्या रानात बसतात, शेतकऱ्याला खत मिळतं आणि धनगराला धान्य. वडिलांच्या काळापासून आमचा तळ मिरजेच्या अलीकडं एका जैन पाटलांच्या रानात पडायचा. एक गोष्ट मात्र माझ्या नजरेत भरली. वैनीनं कोंबड्यांच्या खुराड्यावर वाघर टाकली होती. मेंढरं गेली तर वाघर सोबत जायला हवी. तात्या म्हणाला, जुनी हाय ती, फाटकी. फाटकी नव्हती. पण भावाचं पोतं काय उपसायचं?

ते तीन महिने मला चांगले गेले, हे फसवणुकीच्या हिशेबातून मी वजा करत नाही. सकाळी उठलो की कुसळी गवतावर दव असायचं आणि चंडोल जमिनीवरून सरळ वर चढत गात राहायचा. वाशीला मी पहाटे उठून भाव ऐकायचो; इथं टिटवी ओरडली की तिच्या अंगावर कोण आलं ते बघायला उठायचो. हिवराच्या सावलीत बसून सुमन डाळ निवडायची. लिफ्ट नाही, ट्रॅफिक नाही, नळ आठवड्यातून दोनदा, आणि त्या नळापायी तिची माझी भांडणं. एका संध्याकाळी माळाच्या कडेला लांडगा दिसला. भाव ऐकूनही न बोलणारं गिऱ्हाईक जसं उभं राहतं तसा तो उभा राहिला, आमच्या खोलीकडं बघितलं आणि निघून गेला. त्याला काय हवं होतं ते मला नंतर कळलं. त्यालाही मेंढरं सापडत नव्हती.

मला धीर धरवेना. माघात मी मोटरसायकल काढली आणि मिरजेकडं निघालो. पाटलांचं रान मला डोळे झाकून सापडलं असतं. थोरले पाटील आता म्हातारे झालेत, पण ओळखलं. "धनगराचा धाकटा न्हवं तू? ऊन उतरलंय, आधी जेवून घे," म्हणून सूर्य मावळायच्या आत पानावर बसवलं. त्यांच्याकडं दिवस बुडाल्यावर जेवत नाहीत, हे वडिलांनी आम्हाला लहानपणी दटावून शिकवलं होतं. जेवून रानात गेलो. काळी मेंढरं तुटलेल्या उसाच्या खोडव्यात चरत होती. मी खाली बसून कान बघितले. उजव्या कानाला चीर. दुसरीच्या उजव्या कानाला चीर. मी तिथंच बसून राहिलो. इतकं बरं मला गाळ्याची पहिली चावी घेतानाही वाटलं नव्हतं.

कळपाजवळ एक तरणा गडी घोंगडी पांघरून उभा होता. नाव बाळू. मी त्याला म्हटलं, पाव्हणं, मेंढरं चांगली राखलीत, मी तात्याचा भाऊ. त्यानं माझ्याकडं नीट बघितलं. म्हणाला, "आवं, पाव्हणा कसला? इकत घेतल्यात की तात्याकडनं. गेल्या साली."

मी त्याच्यावर ओरडलो. खोटारडा म्हणालो, चोर म्हणालो. पाटील काठी टेकत आले आणि त्यांनी सांगितलं की सौदा त्यांच्याच अंगणात झाला होता. तात्या पाठमोरा बसला होता म्हणे. पैसे मोजायलाही वळला नाही.

मग मी माझ्या मूळ धंद्यावर आलो. बाळूला म्हटलं, उजव्या चिरेची तेवढी मला परत दे, भाव तू सांग. त्यानं घोंगडीचं टोक पुढं केलं. त्याखाली बोटं दाबून भाव ठरवायची पद्धत बाजारातही असते आणि आमच्या जत्रांतही. मी बोटं दाबली. त्यानं हात काढून घेतला. मी वाढवलं. त्यानं परत काढून घेतला आणि हसला. "शेट, बोट मोडशीला माजं. पैशाचं न्हाई. हाक मारून बगा त्यास्नी."

मी हाक मारली. वडील मारायचे तशी, जमेल तशी. एकाही मेंढीनं मान वर केली नाही. मी पुन्हा मारली. पाटील दुसरीकडं बघू लागले. मग बाळूनं तोंडाला हात लावून एक लांब हाळी दिली, आणि ती तात्याची हाळी होती. सगळ्या माना वर आल्या. बाळू म्हणाला, त्याची स्वतःची हाळी ही मेंढरं ऐकत नव्हती, म्हणून त्याला तात्याची शिकावी लागली.

"घेऊन जावा की," तो म्हणाला. "जेवढ्याला घेतली तेवढ्याला देतो. पर तात्या संगं न्यायला आला तरच. तुमच्या एकट्याच्या हाती दिली तर पावसाळा बघायची न्हाईत." बोलून तो मेंढरांत गेला. मी आयुष्यभर सौदे केले. अशी अट मला कुणी घातली नव्हती, आणि घासाघीस करायला त्यात एक पैसाही नव्हता.

परत आलो तो थेट तात्याच्या पडवीत. तात्या घोंगडीवर बसला होता. मी काय बोललो ते लिहीत नाही, गावानं ऐकलंय. तो मान खाली घालून ऐकत राहिला. बोलता बोलता माझी नजर भिंतीवर गेली. मोबाईल चार्जिंगला लावायच्या खिळ्याशेजारी दुसरा खिळा होता आणि त्यावर पितळी घुंगरू टांगलं होतं. वडिलांनी बांधलेलं.

  बोलली ती वैनी. भाकरी थापता थापता, माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुमचा फोन आला की वाजवायचे. एका हातात फोन, दुसऱ्या हातात ते. मी म्हणायची, आवं सांगून टाका. तर म्हणायचे, पुढच्या ऐतवारी." मग तिनं बाकीचंही सांगितलं. कालव्याचं पाणी आलं तसे माळ डाळिंबाखाली गेले, तारांची कुंपणं आली, कळप न्यायला वाट उरली नाही. पोरगा पुण्याला कंपनीत, तो मेंढरांमागं येणार नाही. गुडघे खरंच गेलेत. हे सगळं मला समजतं. माल मीही घेतलाय, विकलाय. मेंढरं विकण्याचं कारण मी मागत नाहीच. फोनचं कारण मागतोय.

तेव्हा तात्या पहिल्यांदा बोलला. "इकली म्हणलं असतं तर तू फोन कशापायी केला असतास, मारत्या?"

याला उत्तर म्हणत असतील तर मला ते मान्य नाही. मी फोन केला असता. नक्की केला असता. माझा फोन मेंढरांसाठी होता की त्याच्यासाठी, हे त्यानं माझ्या वतीनं परस्पर ठरवून टाकलं. बाजारात असं दुसऱ्याच्या नावानं बोली लावणाऱ्याला मी गाळ्यावर उभं राहू दिलं नाही.

त्या दिवसापासून आम्ही बोलत नाही. बांध एक, विहीर एक, तरी नाही. सुमन आणि वैनी बोलतात, कोथिंबीर बांधावरून इकडं तिकडं जाते. माझ्या खोलीला अंगण आहे, माळ आहे, चंडोल आहे. पण वडील म्हणाले होते, तुझी इथं चरते, कधीही ये. आता चरत काही नाही. मग मी नेमका आलोय कुठं, हे मला रोज सकाळी स्वतःला विचारावं लागतं. मोकळी हवा म्हणजे घर नाही. आपलं कुणीतरी राखत असतं ते घर, आणि ते हाळीनं चालतं. हाळी तात्याकडं आहे.

गेल्या रविवारी सकाळी माझा फोन वाजला. तात्याचं नाव. मी उचलला. तो काही बोलला नाही. फोनमधून घुंगरू वाजू लागलं. माझ्या मोकळ्या कानात तेच घुंगरू बांधाच्या पलीकडून, वाऱ्यावरून येत होतं, थोडं मागं, थोडं हळू. मी फोन कानाला लावून त्याच्या पडवीकडं बघत उभा राहिलो. खांबाआड त्याचा हात हलताना दिसत होता. मग त्यानं फोन ठेवला.

हे चालायचं नाही, तात्या. घुंगरू वाजवून माझी एकदा फसवणूक झाली, दुसऱ्यांदा मी त्यावर सौदा करणार नाही. बाळू अजून पाटलांच्या रानात आहे, गुढीपाडव्यापर्यंत राहील. गुडघ्याचं म्हणशील तर टेम्पो मी करतो, तू पुढं बसायचं आणि रानात गेल्यावर फक्त हाळी द्यायची. तू विकलीस, तूच परत आणायची. सगळ्या गावासमोर आणि गाव सोडून गेलेल्या सगळ्यांसमोर विचारतोय, आणि या वेळी उत्तर फोनवर नको, घुंगरानं नको, बांधावर येऊन तोंडानं दे: मिरजेला येतोस का नाही?