टेम्पो गेटबाहेर गेल्यावरच

मला इंग्लिश चांगलं येतं, याचा मला फार माज होता. उगाच कशाला लपवू? बदलापूरला कात्रपमध्ये राहणारी, इंग्लिश मीडियमची, वर बी.कॉम. अंबरनाथच्या एमआयडीसीत पंपांसाठी रबरी रिंगा बनवणारा एक छोटा कारखाना आहे, तिथे मला डिस्पॅचच्या टेबलावर नोकरी लागली. पहिल्याच दिवशी शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"तीन महिने ताईंच्या हाताखाली शीक. मग टेबल तुझं. ताई परत पॅकिंगला जातील. आता कोइम्बतूरची पार्टी आलीये, त्यांच्याशी सगळं इंग्लिशमध्ये लागतं. ताईंच्या इंग्लिशवर किती दिवस ढकलणार? पण आत्ताच त्यांना काही बोलू नकोस."

मी बोलले नाही. उलट मनातून खूश झाले होते, तेही सांगून टाकते.

ताई अंबरनाथच्याच, बुवापाड्याच्या वस्तीतल्या. मराठी शाळेतून दहावी झालेल्या. कित्येक वर्षं पॅकिंगमध्ये उभ्या राहून खोके भरता भरता मालाचं चलन लिहायला शिकल्या, मग कॉम्प्युटर शिकल्या, आणि त्या टेबलापर्यंत पोचल्या. गुडघे दुखायचे, जिना चढताना कठडा धरायच्या. परत पॅकिंगला जायचं म्हणजे दिवसभर उभं राहायचं, आणि तेही ज्या बायकांना कालपर्यंत सूचना दिल्या त्यांच्याच रांगेत. हे मला कळत नव्हतं असं नाही. मी फक्त त्याचा विचार करत नव्हते.

पहिल्या आठवड्यात मी त्यांची मेल वाचली. माल पाठवल्याची नेहमीची मेल, पण लिहिलं होतं नुसतं 'युवर ऑर्डर सेंट आऊट', मधे 'हॅज बीन' नाहीच. मी लगेच शहाणपणा केला. "ताई, असं नसतं हो. 'युवर ऑर्डर हॅज बीन सेंट आऊट' असं लिहायचं." मला वाटलं, तोंड वाकडं करतील. त्यांनी चष्मा वर सरकवला, दोनदा म्हणून बघितलं आणि तसंच टाइप केलं. पुन्हा कधी चुकल्या नाहीत. पण त्या दिवशी मी सेंड दाबायला गेले, तर त्यांनी माझा हात धरला.

"गाडी गेली का?"

"लोडिंग झालंय ताई. दोरी बांधतायत."

"मग गेली नाही ना."

"अहो, पाच मिनिटांत जाईल!"

"मग पाच मिनिटांनी पाठवू. एवढी कसली घाई गं तुला?"

आणि ही बाई दुखरे गुडघे घेऊन उठली, जिना उतरली, गेटपर्यंत गेली. टेम्पो बाहेर पडून कोपऱ्यावर वळेपर्यंत तिथे उभी राहिली. मग वर येऊन, भिंतीवरच्या घड्याळात बघून, मेलमध्ये वेळ टाकली. एकदा नाही, रोज. प्रत्येक गाडीला. मला तेव्हा हसूच यायचं. वॉचमनला फोन केला असता तर काय बिघडलं असतं?

आता आपल्याकडची रीत कुणाला ठाऊक नाही? माणूस टॉवेल गुंडाळून बाथरूमच्या दारात उभा असतो आणि फोनवर सांगतो, "निघालोय, पोचतोच." धंद्यात तर विचारूच नका. उल्हासनगरहून आमचे खोके यायचे. तो खोकेवाला स्वभावाने गोड, पण त्याचा माल कायम रस्त्यातच असायचा. "मॅडम, टेम्पो कब का निकल गया! बस, आ ही रहा है." एकदा ताईंनी शांतपणे विचारलं, "भैया, फिर पीछे आपकी मशीन कैसे बज रही है? टेम्पो में बिठाई है क्या?" पलीकडून मोठ्याने हसणं ऐकू आलं. खोके दुसऱ्या दिवशी आले.

माझे तीन महिने संपत आले होते तेव्हाची गोष्ट. कोइम्बतूरची मोठी ऑर्डर होती. रिंगा तयार होत्या, ढिगाने फ्लोअरवर पडल्या होत्या, पण खोक्यांचा पत्ता नाही. खोकेवाल्याचा टेम्पो अर्थातच 'कब का' निघालेला. कोइम्बतूरहून एकसारखं विचारणं चालू. ताई खाली पॅकिंगच्या बायकांबरोबर होत्या. शेठ माझ्या टेबलाशी आले.

"लिहून टाक, सेंट आऊट म्हणून. उद्या जाईलच. एका दिवसाने कोण मरतंय?"

मी लिहिलं. व्याकरण अगदी चोख. पाठवूनही दिलं.

ताई वर आल्या, त्यांनी स्क्रीनवर वाचलं. "हे गेलं?"

"शेठ म्हणाले..."

त्यांनी मला एका शब्दाने दुखावलं नाही. खुर्ची ओढली आणि एका बोटाने टाइप करायला लागल्या. आधीची मेल चुकीची आहे. माल सेंट आऊट झालेला नाही. खोके आलेले नाहीत, माल आमच्या फ्लोअरवरच आहे. उद्या दुपारपर्यंत निघेल. गाडी गेटबाहेर गेली की मी स्वतः कळवीन. खाली स्वतःचं नाव. त्या इंग्लिशमध्ये दोन चुका होत्या. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाच्या चुका काढल्या नाहीत.

"ताई, शेठ तुमचं टेबल काढून घेतील हो," मी म्हटलं. माझ्या तोंडून निघालंच.

ताई घाबरल्या होत्या, नाही म्हणत नाही. पाण्याची बाटली उघडली, दोन घोट प्यायल्या. "कळतंय गं मला. पण तिकडे तो माणूस आपल्या भरवशावर कामगार बोलावून बसेल. रिंगा नाहीत तर ते करणार काय?" आणि मेल पाठवली.

शेठ तासाभराने आले ते तापलेलेच. सगळ्यांसमोर म्हणाले, "माझ्या कारखान्यात मलाच खोटं पाडता? उद्यापासून पॅकिंग. टेबल हिचं."

"बरं," ताई म्हणाल्या. "फक्त उद्याची गाडी जाईपर्यंत बसू द्या. मी कळवीन असं लिहिलंय त्यांना."

शेठ पाय आपटत केबिनमध्ये गेले. मला शरमेनं वर बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खोके आले. माल भरला, दोरी बांधली. ताई गेटवर गेल्या, टेम्पो वळेपर्यंत थांबल्या, वर येऊन मेल लिहिली. या वेळी एकही चूक नाही. मग डबा उचलला, चष्मा त्याच्या डबीत ठेवला, खाली पॅकिंगला जाऊन उभ्या राहिल्या. त्या खुर्चीची मी तीन महिने वाट बघितली होती. माझ्याच्याने बसवेना.

संध्याकाळी कोइम्बतूरचा फोन आला. शेठनी स्पीकरवर टाकला, कारण तो माणूस भराभर बोलायचा आणि मी समजावून सांगावं असं त्यांना वाटत होतं. तो विचारत होता, ही मेल लिहिणारी बाई कोण? तिच्या मेलमुळे आम्ही उद्याची पाळी पुढे ढकलली, नाहीतर सगळे कामगार हातावर हात ठेवून बसले असते. सगळे सप्लायर आधी सेंट आऊट लिहितात आणि मग पाठवतात. ही बाई पाठवते आणि मग लिहिते. यापुढे मला हिचीच मेल हवी.

मी शब्दन् शब्द मराठीत सांगितला. एवढ्या आनंदाने मी कधी भाषांतर केलं नसेल. शेठनी डोकं खाजवलं. मग खाली उतरले आणि पॅकिंगच्या दारातून म्हणाले, "ताई, या वर." माफी वगैरे काही नाही. टेबल परत ताईंचं झालं, पण मला काढलंही नाही. ताईंनीच शेठना सांगितलं म्हणे, ती खोटी मेल तिने लिहिली, पण लिहायला तुम्ही लावली, तिला राहू द्या.

ते ऐकल्यावर माझा बांध फुटला. दुसऱ्या दिवशी डबा खाताना म्हटलं, "ताई, मला माफ करा. मला तुमच्याच जागेवर घेतलं होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं मला."

"मलाही," ताई म्हणाल्या. माझ्या डब्यात भाजी वाढत होत्या.

"तुम्हाला? कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? तुमचे सगळ्यांचे अर्ज शेठनी माझ्याकडेच दिले होते. म्हणाले, बघा कुणाचं इंग्लिश चांगलं आहे. टेबल एकच, मग इंग्लिशवाली कशाला, ते मला कळणार नाही का? मला जेवढं कळतं, तेवढ्यात तुझंच सगळ्यात चांगलं होतं गं. म्हणून तुझा अर्ज वर ठेवला."